पेनल्टी असताना बोलायचं नाही

दादा,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मी बोलले नाही. बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. तुमच्या लेकीने, मित्राने, स्वतः फोन करून सांगितलं होतं, "आँटी, तुम्ही लास्ट बोला. तुम्हीच तर होतात पप्पांच्यासोबत." माझी वेळ आली तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले. लोकांना वाटलं, बिचारीच्या तोंडून शब्द फुटत नाहीये.

बाकी सगळे बोलले. त्रिशरण-पंचशील झालं, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, ज्यात तुम्ही कुणावर तरी वैतागलेले दिसता. आणि मग एकेकाने उठून तेच सांगितलं. सकपाळसाहेब भाग्यवान. आवडीची मॅच ऐकता ऐकता गेले. कळलंसुद्धा नाही त्यांना. असं मरण मागून मिळत नाही. प्रत्येक जण हे म्हणताना माझ्याकडे बघायचा, कारण गाडी मी चालवत होते. आणि मी दर वेळी मान हलवायची. त्या मान हलवण्याचा मला अजून राग येतो आहे.

कारण तुम्हाला कळलं होतं, दादा. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. मित्राला सांगायचं की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन मी इतके दिवस घर ते कंपनी, अल् खुवैर ते रुसैल, एकटी जात-येत होते. शेजारची सीट तुमच्या मापाने मागे सरकवलेली, ती तशीच आहे.

तुमच्या डोळ्यांमुळे लायसन्स पुन्हा मिळेना, तेव्हा तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात. कंपनीत एसीच्या चिलरचे सगळ्यात जुने इंजिनियर तुम्ही, परचेसमध्ये माझी तेव्हा कुठे ओळख होत होती. "प्राची मॅडम, एक काम होतं," म्हणालात. कंपनीच्या बसने कामगार येतात, तुमच्या हुद्द्याच्या माणसाने तिच्यातून यायचं नाही असा इथे ओमानमध्ये अलिखित कायदा, आणि रोज टॅक्सी करणं तुमच्या जिवावर आलेलं. तुमची बिल्डिंग माझ्या बिल्डिंगच्या मागे. मी खेडची, तुम्ही मंडणगडचे. नाही म्हणायला जागाच नव्हती.

पहिला आठवडा तुम्ही मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे ताठ बसून होतात. एका कानात इअरफोन. मला वाटलं सुत्तपठण ऐकत असाल, म्हणून मीही आदराने गप्प. मग एका रविवारी, इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, हायवेवर गाला नावाच्या एक्झिटपाशी तुम्ही एकदम मांडीवर थाप मारून ओरडलात, "अरे मार ना, झोपलास काय!" मी विचारलं, काय ऐकताय? तर म्हणालात, "आइस हॉकी."

मी हसले. दोन बिल्डिंगा मागे जाईपर्यंत हसत होते. बाहेर उन्हाने डोंगर पांढरे पडलेले आणि हा माणूस बर्फावरची हॉकी ऐकतोय.

"हसतेस काय गो," तुम्ही म्हणालात. "बर्फ माझ्याच खात्यात येतो."

त्या दिवशी तुम्ही मॅडमवरून गो वर आलात आणि मी सरवरून दादावर. त्याच दिवशी तुम्ही ते गावही सांगितलंत. तरुणपणी आधीच्या कंपनीने तुम्हाला ट्रेनिंगला पाठवलं होतं, पार कॅनडाच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका लाकूड कापायच्या गावात. हिवाळाभर तिथे संध्याकाळी करायला एकच गोष्ट, गावच्या बर्फाच्या मैदानावर मॅच बघणं. तुम्ही मॅच बघायला गेलात आणि बर्फाखालची मशिनरी बघायला थांबलात. तिथला प्लांट सांभाळणारा म्हातारा तुम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. "तोच कंप्रेसर गो, तोच आवाज. इकडे त्याने माणसं थंड ठेवायची, तिकडे नुसता बर्फ धरून ठेवायचा. घरचं कोणी भेटल्यासारखं झालं मला." परत आल्यावर तुम्ही त्या गावाला विसरला नाहीत. गावच्या टीमची मॅच तिकडे संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे सकाळी सातला. आपण निघायच्या वेळेला. रेडिओवरची कॉमेंट्री इंटरनेटवर फुकट. जणू आपल्या ऑफिसच्या वेळा बघूनच कुणीतरी ही टीम काढली होती.

टीम छोटी. मोठ्या लीगमधल्या टीमांनी आपली पोरं तयार व्हायला इथे पाठवलेली असतात. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. तुम्ही म्हणायचात होतकरू. "आज दोन नवीन होतकरू आलेत," असं तुम्ही सांगितलंत की मला लग्न जुळवणाऱ्या मंडळाची आठवण यायची. मोठ्या लीगमधल्या नावाजलेल्या खेळाडूंशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. आपला एखादा पोरगा वर गेला की तुम्ही त्याचं नाव घेणं सोडायचात. "आता तो सगळ्यांचा झाला. आपलं काम संपलं." आणि मग चार दिवस मुलगी सासरी पाठवल्यासारखे गप्प बसायचात.

सुरुवातीला मी म्हटलं होतं, गाडीच्या स्पीकरवर लावा, मलाही ऐकू दे. एकदा लावलं. गोल झाला आणि तो कॉमेंटेटर असा किंचाळला की मी दचकून शेजारच्या लेनमध्ये गेले. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात रुसैल येईपर्यंत काढला नाही. तेव्हापासून ठरलं, इअरफोन तुमच्या कानात आणि मॅच तुमच्या तोंडून. त्यामुळे मी या खेळाची एकही मॅच पाहिली नाही की ऐकली नाही. मी तुम्हाला ऐकलं. तेसुद्धा तीन पिरियडांपैकी फक्त पहिला, कारण तो संपेपर्यंत कंपनीचं गेट यायचं. पुढचं तुम्ही दिवसभर अळीमिळी गुपचिळी करून पोटात ठेवायचात आणि परतीच्या वाटेवर सांगायचात. मी जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारलं, "निदान जिंकलो का ते तरी सांगा," तरी तुमचं उत्तर ठरलेलं. "गाडीत."

आणि तो नियम. खेळाडूने आगळीक केली की त्याला दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात. तेवढा वेळ आपली टीम एका माणसाने कमी, समोरचे पूर्ण. याला पेनल्टी म्हणायचं. तुमच्या त्या गावात पेनल्टी लागली की प्लांटवाला म्हातारा टोपी काढून हातात धरायचा आणि आसपास कुणाला बोलू द्यायचा नाही. माणूस बर्फावर परत आला की टोपी डोक्यावर. तुम्हाला टोपी नव्हती. तुम्ही "पेनल्टी" म्हणायचात, आणि गाडीत शांतता. मी एखाद्या सप्लायरची तक्रार सांगत असले तरी वाक्य अर्ध्यावर सोडायचं. वाचलो, की तुम्ही अरबीत 'चला' म्हणतात तसं म्हणायचात, "यल्ला!" आणि मी वाक्य पुढे सुरू करायची. गोल खाल्ला तर मात्र यल्ला नाही. मग तुम्ही रुसून खिडकीबाहेर बघायचात आणि तुमचं तुम्ही बोलायला लागेपर्यंत मी काही विचारायचं नाही, हाही त्याच नियमाचा भाग. मला सुरुवातीला हे सगळं पोरकट वाटलं. मग इतकी सवय झाली की घरी नवरा, समीर, बातम्या बघताना मध्ये बोलला तर मी त्यालाही "पेनल्टी" म्हणायला लागले.

आपला खरा वाद गुराख्यावरून. त्याचं खरं नाव तुम्हाला नीट घेता यायचं नाही. त्याच्या वडिलांची गुरं आहेत आणि उन्हाळ्यात तो ती सांभाळायला जातो एवढं तुम्ही कुठेतरी वाचलंत आणि बारसं करून टाकलंत. बचावाला खेळणारा पोरगा. त्याच्याबरोबर आलेले वर गेले, त्याच्या मागून आलेले वर गेले, तो तिथेच. वय वाढत चाललेलं. मी म्हणायची, "त्याने घरी जावं दादा. गुरं वाट बघतायत. होतकरू म्हणून किती वर्षं काढायची माणसाने?" तुम्हाला हे लागायचं.

"एक फोन येतो गो. एक. त्या दिवशी माणूस तिथे हजर पाहिजे."

"आणि नाहीच आला तर?"

"तर हजर होता ना तो."

तुम्ही काय बोलत होतात ते मला कळत होतं. तुमच्या जागी ओमानी इंजिनियर येणार हे ठरलं होतं, आणि त्याला शिकवायचं काम तुमच्याकडेच होतं. वर्षअखेरीला तुम्ही मोकळे. हे तुम्ही वंदनावहिनींना सांगितलं नव्हतं. मित्रालाही नाही. कुठल्या कुठल्या कंपन्यांत तुम्ही शब्द टाकून ठेवला होता, आणि प्रत्येकाने इन्शाल्ला म्हटलं होतं. मी इन्शाल्लाचा अर्थ तुमच्याइतका भाबडेपणाने कधीच घेतला नाही.

मग तो जिना. लिफ्ट बंद होती आणि एका मजल्यावर तुम्ही कठडा धरून उभे राहिलात. छातीवर हात. मी बघितलं ते तुम्हाला आवडलं नाही. "ॲसिडिटी आहे." गाडीतही मग मला ती ॲसिडिटी दिसायला लागली. मी मागे लागले. दवाखान्यात चला, नाहीतर सुट्टी टाकून मुंबईला जा, सगळ्या तपासण्या करा. तुम्ही म्हणालात, "सीझन संपू दे. प्लेऑफ झाले की जातो."

"हॉकी तुमची कोण लागते?" मी ओरडले. हायवेवर, काचा वर करून, ओरडले. "वहिनींना फोन लावू का मी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागच्या सीटवर जाऊन बसलात. निषेध म्हणून. इथले ड्रायव्हर मालकाला विचारतात तसं मी आरशात बघून विचारलं, "अर्बाब, कुठे सोडू?" तुम्ही हसू दाबलंत, ते मला दिसलं. गालापाशी मी गाडी बाजूला घेतली आणि तुम्ही मुकाट पुढे येऊन बसलात. तो वाद तिथेच राहिला. वहिनींना मी फोन लावला नाही, कारण तुम्ही मला बजावलं होतं, "ती काळजीने अर्धी होईल. माझं मी सांगेन." मी तुमचा शब्द मानला, आणि आज पुन्हा ती वेळ आली तर मी तो मानणार नाही, एवढंच सांगते.

आता त्या रविवारचं. तुम्ही तिथे होतात, तरी सांगते, कारण माझ्या बाजूने ती सकाळ कशी होती ते तुम्हाला माहीत नाही.

थंडीचे दिवस. मी काचा थोड्या खाली केल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "एसी लाव गो." मी लावला. चिलरचा माणूस, त्याला थंडीतही एसी लागतो, असं काहीतरी मी बोलले. तुम्ही रुमालाने मान पुसत होतात. मॅच सुरू झाली. गुराखी आज पहिल्या जोडीत आहे, तुम्ही म्हणालात. एक शॉट त्याने अंगावर घेतला, म्हणालात. मग मी तुम्हाला कोचीहून अडकलेल्या मालाचं सांगायला लागले, आणि तुम्ही म्हणालात, "पेनल्टी."

मी अर्ध्या वाक्यावर थांबले.

मोठ्या हॉस्पिटलची पाटी आली. ती रोज येते. गेली. मी गप्प. गाला आलं, गेलं. यल्ला आलं नाही. मला वाटलं, गोल खाल्ला. तुमचं डोकं खिडकीकडे होतं, म्हणजे रुसलात. बिचारा गुराखी काचेच्या खोलीत बसला असणार आणि त्याच्यामुळेच गोल गेला असणार, असंही मी मनात ठरवून टाकलं. विमानतळ मागे पडला. मी मनातल्या मनात तुम्हाला डिवचायचं वाक्य तयार करत होते. रुसैलच्या गेटवर ते म्हटलंही. "काय दादा, पाठवायचा का त्याला घरी?"

पुढचं सगळं पळापळीचं आहे, ते लिहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही असं ते म्हणाले नाहीत.

वहिनींनी फोनवर विचारलं, "काही बोलले का हो शेवटी?" मी म्हटलं, मॅचबद्दल बोलत होते. वहिनी रडता रडता म्हणाल्या, "मग सुखात गेले." हेच वाक्य नंतर सगळ्यांच्या तोंडी झालं. ते खोटं आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

तुम्हाला गावी पोचवून आल्यावर एका दुपारी मी बिल्डिंगखाली गाडीत बसून त्या मॅचची कॉमेंट्री लावली. जुन्या मॅचेस त्यांच्या साइटवर ठेवलेल्या असतात, तुम्हीच सांगितलं होतं. मला एवढंच हवं होतं, की पेनल्टी संपली तेव्हा आपण रस्त्यात कुठे होतो. यल्ला म्हणायची वेळ कुठे आली होती आणि मी कुठे विचारायला हवं होतं. पहिल्यांदाच मी तो माणूस नीट ऐकला, ज्याला तुम्ही रोज ऐकायचात. आवाज घोगरा, सावकाश. मी डोळे मिटून रस्ता आठवत बसले.

पेनल्टी आलीच नाही. मी पुन्हा लावलं. वाटलं दुसरीच मॅच असेल. नव्हती. पिरियड संपताना तो घोगरा माणूस स्वतःच म्हणाला की दोन्हीकडून एकही पेनल्टी नाही, इतका स्वच्छ पिरियड या सीझनला झाला नाही.

दादा, तुम्ही मला आपल्याच नियमाने गप्प केलंत.

का, ते मी तुम्हाला इतक्यांदा विचारलंय. गाडी जोरात होती आणि मी घाबरून काहीतरी करून बसेन, म्हणून? की हॉस्पिटलात गेलं की कागद होतात, कागद झाले की कंपनी वर्षअखेरीचीही वाट बघत नाही, म्हणून? की श्वास एकाच शब्दापुरता उरला होता आणि सगळ्यात सवयीचा तोच होता? यातलं तिसरं असेल तर मी तुम्हाला माफ करते. पहिली दोन असतील तर नाही करत. माझ्या शेजारी बसून, माझ्या गाडीत, तुम्ही एकट्याने ते सोसलंत आणि मला मालाच्या काळजीत ठेवलंत. मी तुमची कोण होते मग? ड्रायव्हर?

रागाच्या भरात मी आणखी जुन्या मॅचेस ऐकल्या. ज्या मला तुमच्या तोंडून पाठ होत्या त्या. आणि मला दुसरंच सापडलं. गुराख्याने तीन जणांना चुकवून अर्धं मैदान पार केलं होतं ना, तुम्ही हात फिरवून दाखवलं होतं? त्या मॅचला तो खेळलाच नव्हता. त्याने रक्ताळलेल्या हनुवटीने परत येऊन शॉट अडवला होता? त्या दिवशी त्याचं नाव एकदाच आलं, आणि ते चूक सांगताना. तो बिचारा बहुतेक वेळ बाकावरच असायचा, दादा. तुम्ही त्याला उठवून बर्फावर पाठवत होतात, रोज सकाळी, हायवेवर. ज्या पोराने घरी जावं की नाही यावर आपण भांडलो, तो निम्मा तुम्हीच रचलेला होता. मी गाडीत हसले, आणि मग असं रडले की वॉचमन येऊन काच वाजवायला लागला.

त्या हसण्यासाठी तरी तुमचे आभार मानायला हवेत. अडकलेला माल, कस्टमचे कागद आणि डोंगर फोडून काढलेला रस्ता, एवढंच माझ्या सकाळीत असायचं. त्यात तुम्ही एक अख्खं गाव वसवलंत, बर्फासकट. या देशात मला पहाटे उठून आवरायचा उत्साह वाटला तो तुमच्यामुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मग पेट्रोलचे पैसे सोड मला."

आता कालचं. मित्राला तुमच्या ऑफिसातलं सामान घ्यायचं होतं. "तुमच्यासोबतच येते आँटी, पप्पा जायचे तसं." गुरुवार होता, मॅच होती. तुमच्या सीटवर ती बसली तर पाय पुढे पोचेनात. सीट पुढे घे म्हटलं, तर म्हणाली, "नको. असंच राहू दे." फोन गाडीला जोडून तिने स्वतःच कॉमेंट्री लावली. स्पीकरवर. मी आता दचकत नाही.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "सगळे म्हणाले, पप्पाला कळला पण नाही. पण तुम्ही काही नाही बोललात." तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, शाळेत इथे इंग्रजीतच वाढलेली. जपून पाय टाकल्यासारखी बोलते. "आँटी, मला खरं सांगा ना. लास्ट वर्ड काय होता?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. एसी, रुमाल, पेनल्टी. नसलेली पेनल्टी. हॉस्पिटलची पाटी. मी समोर रस्त्याकडे बघत होते, तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही विचारलं का नाही?"

"नियम होता."

"हो," ती म्हणाली. "घरी पण होता. जॉबचं काही असला, तब्येतीचं काही असला, मम्मीने विचारलं की पप्पा म्हणायचे पेनल्टी आहे. टीव्हीवर मॅच नसला तरी." तिने नाक पुसलं. "आम्ही हसायचो."

नोकरीचंही मी तिला सांगितलं. ते तिला काहीच माहीत नव्हतं. आणि गुराख्याचंही. तो गेला, दादा. टीमने या आठवड्यात एका ओळीत कळवलंय की तो खेळ सोडून घरी परतला. वाद मी जिंकले. मला या जिंकण्याचं काय करायचं ते कळत नाहीये.

"मम्मीला नका सांगू," मित्रा म्हणाली. "ती सुखात गेले म्हणते, तर म्हणू दे."

म्हणजे ज्याच्यासाठी मी तुमच्यावर इतकी चिडले, तेच आता आम्ही दोघी करणार आहोत. मी बरं म्हटलं.

समोर हॉस्पिटलची पाटी दिसायला लागली तेव्हा स्पीकरवर शिट्टी वाजली. घोगरा माणूस म्हणाला, पेनल्टी. आपल्या टीमला. खरीखुरी, दोन मिनिटांची. मी काहीतरी बोलत होते, अर्ध्यावर थांबले. मित्राही थांबली. तिने हात पुढे करून दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली, स्टिअरिंगवर. मला गप्प करायला की मी तिथे आहे ना हे बघायला, ते मी विचारलं नाही. पाटी आली, गेली. त्या पोरांनी एका माणसाने कमी असताना एकामागून एक शॉट अंगावर घेतले. गोल होऊ दिला नाही. मग तो म्हणाला, वेळ संपली, खोलीतला खेळाडू बाहेर आला, टीम पुन्हा पूर्ण झाली.

मी वाट बघितली. मित्रानेही बघितली असावी, कारण तिची बोटं हलली नाहीत. यल्ला म्हणणारे तुम्ही होतात. आम्ही तशाच गप्प राहून रुसैलला पोचलो.